फेरतपासणीतला एक प्रश्न

हबीबभाई, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. सकाळी चहा गाळताना, संध्याकाळी गाडी लावताना. मुद्दा तोच जुना. तीस वर्षांपूर्वी काशिनाथच्या चौकशीत मी जो एक प्रश्न विचारला, तो जाणूनबुजून विचारला की चुकून. तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत, जाणूनबुजून. मी दर ईदला तुम्हाला सांगत आले, चुकून. त्यावर तुम्ही शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन म्हणायचात, "हौ हौ, चुकूनच. अब खाओ." की विषय संपला. आता वाटी द्यायला तुम्ही नाही आहात, तेव्हा एकदा मला सलग बोलू द्या.

कंपनी आपली एकच, वाळूजची, पण तिथं आपण टेबलाच्या दोन बाजूंना असायचो. तुम्ही टूलरूममधले टर्नर, युनियनच्या कमिटीवर, चव्वेचाळीस वर्षांचे. मी पर्सोनेल खात्यातली नवी ऑफिसर, पंचविशीतली, कायद्याची पदवी ताजी ताजी. त्यामुळे कामगार कायद्याच्या पदव्युत्तर पदविकेच्या वर्गात पहिल्याच संध्याकाळी तुम्ही दारात दिसलात, तेव्हा मी वही तोंडासमोर धरली. तुम्ही मला पाहिलंत, परत बाहेर गेलात आणि दारावरचा खोलीचा नंबर पुन्हा वाचलात. मग येऊन शेवटच्या बाकावर बसलात. तुम्हाला वाटलं, कोणकोण कामगार कायदा शिकताहेत ते बघायला कंपनीनं हिला पाठवलंय. मला वाटलं, युनियननं माझ्यावर माणूस ठेवलाय. तीन आठवडे आपण एकमेकांवर पाळत ठेवली. चौथ्या आठवड्यात कॉलेजबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "मॅडम, साहेबाला सांगून येता का?"

मी म्हटलं, "साहेबांना शिवणक्लास सांगितलाय. तुम्ही?"

"सासूबाईचं इंजेक्शन."

आपण इतके हसलो की बशीतला चहा माझ्या साडीवर सांडला. सासूबाई ठणठणीत होत्या, हे मला पुढं तुमच्या घरी आल्यावर कळलं. त्यांनीच दार उघडलं होतं.

बी.ए. तुम्ही बाहेरून केलं होतंत, दोन मुलांचा बाप झाल्यावर. त्यानंतर हा अभ्यास कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही वडिलांची गोष्ट सांगितलीत. ते निजामाच्या राज्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांच्या नोकरीचा सगळा कागद उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, मालक बदलले, ऑफिसात नवा कारकून आला आणि त्याला उर्दू येईना. त्यानं बारा वर्षांची नोकरी बाजूला ठेवली आणि वडिलांना नवा माणूस म्हणून लिहून घेतलं. वडील त्याच्यापुढं उभं राहून आपलाच कागद मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि तो म्हणत होता, चाचा, तुम्ही वाचताय खरं, पण तेच लिहिलंय हे मला कसं कळावं. तुम्ही हे हसत सांगायचात. "अब्बांकडून ऐकलं तेव्हाच ठरवलं, समोरच्याचा कागद आपल्याला वाचता आला पायजे." मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आजही येत नाही.

आणि नेमका समोरच्याचा कागद सगळा इंग्रजीत. तुमचं इंग्रजी मशीनवरच्या पाट्यांपुरतं. मग रविवारी पाणचक्कीवर वडाखाली बसून मी वाचायचे आणि तुम्ही अर्थ लावायचात. मला कलम पाठ असायचं, पण ते शॉपमध्ये कुठं आणि कसं मोडतं हे तुम्हाला माहीत असायचं. कामाच्या तासांचं कलम मी कौतुकानं वाचलं, तर तुम्ही म्हणालात, "ते बरोबर हाय, पण टाईम ऑफिसचं घड्याळ कोण लावतं ते लिहिलंय का?" मी आमच्याच कंपनीत दीड वर्ष नोकरी करून जे शिकले नव्हते ते त्या वडाखाली शिकले, पेरू खात खात. पेरूही तुम्हीच दौलताबादहून आणायचात आणि मीठ-तिखटाची पुडी भाभी द्यायच्या.

आमचे सर म्हणजे निवृत्त कामगार अधिकारी. चौकशीचा सराव करताना त्यांचा दंडक असा, की ज्यानं त्यानं उलटी बाजू घ्यायची. म्हणजे तुम्ही मॅनेजमेंट आणि मी कामगार. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून, खुर्चीत मागं रेलून म्हणायचात, "देखिए, कंपनी को आपसे पूरी हमदर्दी है, मगर..." हुबेहूब आमचे साहेब. त्या "मगर"ला मी हसायला लागायचे आणि दर वेळी माझी नोकरी जायची. सरांनी दोन गोष्टी आपल्याला लाल शाईनं लिहून घ्यायला लावल्या होत्या. एक, समोरच्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेताना ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही तो प्रश्न विचारू नका. दोन, त्यानंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा काही विचारायची संधी मिळते, ती फेरतपासणी. जिंकत असाल तर ती मागू नका, गप खाली बसा. आपण दोघांनी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि महिन्याभरात दोघांनी अर्ध्या तासात दोन्ही नियम मोडले.

काशिनाथ पाचोडचा. मशीन शॉपमधला शांत मुलगा, लग्न नुकतंच झालेलं. बहिणीच्या लग्नाला म्हणून गावी गेला तो अकरा दिवसांनी परतला. रजेचा अर्ज नाही. दहा दिवसांच्या वर विनापरवाना गैरहजर, म्हणजे कंपनीच्या नियमानं नोकरी जाऊ शकत होती. तो म्हणत होता, सुपरवायझरला तोंडी सांगून गेलो होतो. सुपरवायझर म्हणत होता, मला काहीच माहीत नाही. चार्जशीट निघाली. चौकशीत कंपनीची बाजू मांडायला साहेबांनी मला उभं केलं. माझी पहिली चौकशी. काशिनाथच्या बाजूनं तुम्ही. आदल्या रविवारी आपण दोघं अभ्यासालाही बसलो नाही, तुम्ही निरोप पाठवलात, "इस हफ्ते सासूबाई को सच में इंजेक्शन है."

तुम्ही सुपरवायझरला छान अडकवत आणला होतात. शॉपमध्ये माणसं तोंडी सांगून जातात, अर्ज मागाहून येतो, हे त्याच्याकडून हळूहळू वदवून घेतलंत. तिथं थांबायला हवं होतं. पण तुम्हाला चेव आला. "म्हणजे काशिनाथ गावाला गेला, आन् तुमाला काहीच कसं माहीत नाही?"

सुपरवायझर म्हणाला, "कसं असणार? तो त्या दिवशी मशीन चालू ठेवून निघून गेला."

कारकुनानं लिहून घेतलं. तुमचा चेहरा उतरला. चालू मशीन सोडून जाणं म्हणजे गैरहजेरीपेक्षा मोठा गुन्हा. काशिनाथ कोपऱ्यातल्या स्टुलावर होता, त्यानं नुसतं खाली पाहिलं. चौकशी अधिकारी, एक वयस्कर वकील, त्यांनी माझ्याकडं बघून सवयीनं विचारलं, "फेरतपासणी?"

हबीबभाई, आता नीट ऐका. मी जिंकले होते. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण मी पंचवीस वर्षांची होते, फेरतपासणी हा शब्द नवा नवा शिकले होते, आणि दाराशी साहेब येऊन उभे होते. मला आणखी एक खिळा ठोकायचा होता. मशीन मोकळं पडलं, कंपनीचं किती नुकसान झालं, ते सगळं कागदावर यावं असं मला वाटलं. काशिनाथची नोकरी जावी म्हणूनच मी तो प्रश्न विचारला. साहेबांनी शाबासकी द्यावी म्हणून विचारला. मी उठून म्हटलं, "मग त्या मशीनवर तुम्हाला ऐन वेळी दुसरा माणूस शोधावा लागला असेल?"

सुपरवायझर मुळात खोटारडा माणूस नव्हता, नुसता भित्रा होता. तो चटकन म्हणाला, "नाही नाही, माणूस मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता. तो येऊन मशीनवर उभा राहिला, मगच हा गेला."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. तुम्ही परवानगी मागून एकच प्रश्न विचारलात, "आदल्या दिवशीच का?" आणि तो बिचारा म्हणाला, "तो सांगून गेला होता ना, बहिणीचं लग्न आहे म्हणून."

काशिनाथची नोकरी राहिली. ताकीद मिळाली, तेवढंच. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. मी म्हटलं, सर, चूक झाली. ते म्हणाले, "ते दिसलंच." आणि त्याच दुपारी कँटीनमध्ये तुम्ही सांगत होतात, "मॅडमला सगळं माहीत होतं. कंपनीची खुर्ची, उघड बोलता येत नाही, म्हणून असं फिरवून विचारलं. क्या दिमाग है." चहाचे ग्लास घेऊन माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला टूलरूमच्या दारात गाठलं. "अहो, चुकून विचारलं मी ते."

"हौ, चुकूनच."

"खरंच चुकून."

"मी कुठं नाही म्हणतोय? तुमच्या जागी असंच म्हणावं लागतं."

तिथून आपला वाद सुरू झाला. मी जेवढं नाही म्हणावं तेवढी लोकांची खात्री पक्की व्हायची. तोंडी परीक्षेत तर कहर झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुम्हाला विचारलं, फेरतपासणी केव्हा मागू नये? तुम्ही नियम सांगितलात आणि वर म्हणालात, पण साहेब, केव्हा मागावी तेही सांगतो. सगळी गोष्ट सांगितलीत. पुढचा नंबर माझा होता. मी आत गेले तर परीक्षक हसून म्हणाले, "अच्छा, त्या तुम्हीच का?" मला काहीच अवघड विचारलं नाही. पहिला वर्ग मिळाला. तुम्हाला दुसरा, पण चौकशीच्या पेपरात माझ्यापेक्षा चार गुण जास्त, आणि गुलमंडीवर इमरती चारून तुम्ही ते चार गुण मला वर्षभर ऐकवलेत.

अवघड होतं ते पुढचं. लोक माझ्याकडं यायला लागले. पाळीची अदलाबदल, कापलेली रजा, सुपरवायझरचं बोलणं. युनियनकडं जायच्या आधी माझ्या टेबलापाशी यायचे आणि फार काही न बोलता उभे राहायचे, जणू मला सगळं आधीच कळलेलं असणार. मला काही कळलेलं नसायचं. मग मी वह्या काढून बसायचे, मस्टर मागवायचे, शॉपमध्ये जाऊन स्वतः बघून यायचे. तुमच्या गोष्टीतली मॅडम फार हुशार आणि फार चांगली होती, आणि तिच्या जागेवर रोज सकाळी मला जाऊन बसावं लागत होतं. कधी कधी तुमचा फार राग यायचा.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही माइकवर पुन्हा तेच सांगितलंत. स्वतःबद्दल दोन वाक्यं आणि माझ्याबद्दल दहा मिनिटं. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, हात जोडले आणि बसले. त्या दिवशी मी चूक म्हटलं नाही, हबीबभाई. मला त्या टाळ्या आवडल्या. हेच मला इतकी वर्षं टोचत होतं.

त्यानंतर चार वर्षांनी, मी दुसऱ्या कंपनीत मॅनेजर असताना, एका संध्याकाळी तुमच्याकडं आले होते. आठवतं? पॅकिंगमधल्या एका मुलीनं बाळंतपणाची रजा मागितली होती, आणि आठवड्याभरात तिचं काम खराब असल्याचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला होता. तिला काढायच्या कागदावर माझी सही हवी होती. मी तुम्हाला म्हटलं, "समजा, एखाद्या कंपनीत असं झालं..."

तुम्ही माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहून म्हणालात, "समजा म्हणजे फाईल इथंच हाय." मग म्हणालात, "मी कोण सांगणार? तुमी त्यातल्या माहीर." आणि भाभींना चहा टाकायला सांगितलात.

खरं सांगते, मी सही करणार होते. मुलगा बारावीला होता, घराचे हप्ते चालू होते, आणि वरच्या माणसाला नाही म्हणायची मला हौस नव्हती. पण घरी जाताना शहागंजातून गाडी नेताना मनात आलं, तुम्ही आत्ताही कुठल्यातरी हॉटेलात बसून कुणालातरी सांगत असाल, अशी एक मॅडम होती म्हणून. दोन दिवसांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी सुपरवायझरला विचारलं, "तिचं काम खराब आहे, हे पहिल्यांदा कागदावर कधी आलं? रजेच्या अर्जाच्या आधी की नंतर?" या वेळी उत्तर मला माहीत होतं. सही मी केली नाही. मुलगी राहिली, आणि मला पुढची दोन वर्षं स्टोअर्सशेजारच्या खोलीत बसवलं. तिथं ऊन छान यायचं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तुमच्या जियारतीला काशिनाथ आला होता. केस सगळे पांढरे, सोबत मोसंबीची पिशवी. तोही आता निवृत्तीला टेकलाय. अंगणात माझ्या शेजारी उभा राहून डोळे पुसत होता, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "काशिनाथ, आज तरी खरं ऐका. त्या दिवशी मी तुम्हाला वाचवायला काही विचारलं नव्हतं. तुमची नोकरी जावी म्हणूनच विचारलं होतं."

तो ओल्या डोळ्यांनी हसला. "हबीबभाईनं सांगितलं व्हतं मला. मॅडम लई मोठ्या मनाच्या हायत, त्या नायच म्हणणार."

मी आत गेले. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत होत्या; पडद्यापलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुनंदा, उनकू मालूम था."

"काय मालूम होतं?"

"वोइच, कि गलती से पूछी. उसी दिन घर आके हँसते बैठे. बोले, लड़की मेरेकू डुबाने कू उठी और सबकू किनारे लगा दी. उसका मुँह देखना था, बोले."

"मग सगळ्यांना उलटं का सांगितलं?"

"मैं भी पूछी. झूट कायकू बोलरें? तो बोले, झूट नै है, प्रोबेशन पे रखा हूँ. जैसी बोलरा हूँ वैसी निकली, तो पक्की कर देंगे."

जियारतीच्या घरात मी मोठ्यानं हसले, हबीबभाई. भाभीही हसत होत्या आणि रडत होत्या, मीही. मी विचारलं, "मग केलं का पक्कं?"

"वो पेटवाली लड़की की बात लेके तुम आई थी ना? फिर दो-चार दिन में तुम्हारा फोन आया, कि सही नै करी. फोन रखे, चष्मा पोछे, और मेरेकू बोले, हो गई पक्की."

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कायम केल्याचा हुकूम लेखी द्यावा लागतो हे तुम्हीच मला सतरा वेळा बजावलंत, आणि मला एक चिठ्ठीसुद्धा दिली नाहीत. वर दर ईदला माझ्याकडून चूक चूक वदवून घेतलंत आणि शीरखुर्म्यावर माझी बोळवण केलीत. तीस वर्षं मी खरं सांगत होते, आणि तीस वर्षं तुम्ही, सगळं माहीत असून, माझं ऐकलं नाहीत. बरं केलंत.